मोबाईलवर दिसणारं ‘सबमिट’ बटण कॉम्प्युटरवर गायब का होतं? टक्केवारी, स्क्रोलबार आणि ब्राउझरच्या चाचण्यांची गोष्ट

सोलापुरातलं कुठलंही आपले सरकार सेवा केंद्र घ्या. कुणी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेलं असतं, कुणी सातबारा काढायला, कुणी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत यात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीची भर पडली. त्यासाठी आधी दोन महिन्यांची मुदत होती, ती पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवावी लागली.

अशा ठिकाणी एक तक्रार नेहमी ऐकू येते. ‘घरी मोबाईलवर पान नीट दिसत होतं, इथं कॉम्प्युटरवर बटणच दिसत नाही.’ कधी याच्या उलट असतं. कॉम्प्युटरवर सगळं ठीक, पण मोबाईलवर शेवटची ओळ खाली कुठेतरी दबलेली. मग सुचवला जाणारा उपायही ठरलेला असतो, ‘दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघा.’

सर्व्हर बंद असणं, नेटवर्क नसणं ही कारणं सगळ्यांना माहीत आहेत. पण अनेकदा सर्व्हरही चालू असतो आणि इंटरनेटही. गडबड असते ती एका साध्या हिशोबात. पानावरची एखादी चौकट किती रुंद आणि किती उंच असावी, हे ब्राउझर कसं ठरवतो? आणि बाजूला दिसणारी सरकपट्टी, म्हणजे स्क्रोलबार, त्या हिशोबात धरायची की नाही?

प्रश्न किरकोळ वाटतो. पण जगातल्या मोठ्या टेक कंपन्यांचे इंजिनिअर यासाठी वर्षानुवर्षं चाचण्या लिहीत आहेत. या चाचण्यांच्या निकालावर आता कुठला ब्राउझर बाजारात येऊ शकतो हेही ठरू लागलं आहे. हे सगळं नेमकं काय आहे, ते समजून घेऊया.

चौकट, पिक्सेल आणि टक्के

वेबपेजवर दिसणारी प्रत्येक गोष्ट एका चौकटीत असते. मजकूर, फोटो, बटण, तक्ता, सगळं. ही चौकट किती मोठी असावी हे सीएसएस नावाच्या भाषेत लिहिलेलं असतं. या भाषेची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये आली.

आकार सांगण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एक म्हणजे ठरावीक पिक्सेल. दुसरी म्हणजे टक्केवारी.

सोलापूरकरांना यातला फरक कापडाच्या भाषेत सांगता येईल. मागावर एकदा पन्हा ठरला की चादर तेवढ्याच रुंदीची निघते. खाट लहान असो वा मोठी, चादर तीच. पिक्सेल म्हणजे असा ठरलेला पन्हा. टक्केवारीत मात्र चादर खाट बघून स्वतःचा आकार ठरवते. ‘जेवढी खाट, तिच्या निम्मी’ असं सांगितलं तर खाट बदलली की चादरही बदलते.

पूर्वी बहुतेक संकेतस्थळं ठरावीक पन्ह्याची असायची, कारण सगळ्यांचे स्क्रीन साधारण सारखे होते. मग स्मार्टफोन आले. २०१० मध्ये इथन मार्कोट या डिझायनरने ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ ही कल्पना मांडली. पानाची मांडणी टक्क्यांमध्ये करा, म्हणजे तेच पान लहान-मोठ्या कुठल्याही स्क्रीनवर बसेल, हा तिचा एक मुख्य भाग होता. आज सरकारी पोर्टलपासून किराणा ॲपपर्यंत सगळीकडे हीच पद्धत वापरली जाते.

पण टक्केवारी म्हटली की पुढचा प्रश्न येतोच. टक्के कशाचे?

टक्के कशाचे?

रुंदीच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. आतल्या चौकटीचे टक्के बाहेरच्या चौकटीच्या रुंदीवरून मोजायचे. पानाची रुंदी स्क्रीनवरून आधीच माहीत असते, त्यामुळे हिशोब वरून खाली उतरत जातो.

उंचीच्या बाबतीत गाडं अडतं. कारण पानाची उंची वरून ठरत नाही, आतल्या मजकुरावरून ठरते. चार ओळी असतील तर चौकट चार ओळींएवढी उंच, चाळीस असतील तर चाळीस ओळींएवढी. आता आतली चौकट म्हणाली, ‘मला बाहेरच्या चौकटीच्या १०० टक्के उंची द्या.’ आणि बाहेरची म्हणाली, ‘आतली किती उंच आहे ते बघून मी माझी उंची ठरवते.’ दोघी एकमेकींकडे बोट दाखवतात.

१९९८ मध्ये आलेल्या सीएसएसच्या दुसऱ्या आवृत्तीत यावर नियम झाला. बाहेरच्या चौकटीची उंची स्पष्टपणे सांगितलेली नसेल, तर आतल्या चौकटीचे टक्के सोडून द्यायचे आणि मजकूर लागेल तेवढी उंची द्यायची. नवशिक्या वेब डिझायनरची ‘१०० टक्के उंची दिली तरी काहीच होत नाही’ ही तक्रार याच नियमामुळे असते.

नियम झाला म्हणून सगळं सुटलं नाही. तक्त्याचं उदाहरण घ्या. बाजार समितीच्या कांद्याच्या भावाचं पान बहुधा तक्त्याच्या रूपात असतं. समजा तक्त्याच्या एका रकान्यात एक चौकट आहे, तिची उंची १०० टक्के आहे आणि तिला स्वतःचा स्क्रोलबारही आहे. त्या ओळीची उंची ठरवताना या चौकटीतला सगळा मजकूर मोजायचा? की ही चौकट सरकवता येते, म्हणून तिचा मजकूर शून्य धरायचा? वेगवेगळ्या ब्राउझरनी याची वेगवेगळी उत्तरं दिली. एकाच्या पडद्यावर ओळ लांबलचक, दुसऱ्याच्या पडद्यावर ती जवळपास मिटलेली. क्रोमने तर २०२१ मध्ये तक्ते मांडण्याचा आपला सगळा कोडच नव्याने लिहिला.

स्क्रोलबार हिशोब कसा बिघडवतो?

मोबाईलवर पान सरकवताना बाजूला एक बारीक रेघ क्षणभर दिसते आणि नाहीशी होते. ती मजकुराच्या वर तरंगते, जागा खात नाही. ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरवरही २०११ पासून साधारण असंच आहे.

विंडोजचा जुना स्क्रोलबार मात्र पानाच्या रुंदीतून स्वतःसाठी जागा कापून घेतो. ही जागा साधारण १५ ते १७ पिक्सेल असते.

आता हिशोब करून बघा. समजा सेवा केंद्रातल्या जुन्या लॅपटॉपचा स्क्रीन १३६६ पिक्सेल रुंद आहे. पान लांब असल्यामुळे उभा स्क्रोलबार आला आणि त्याने १७ पिक्सेल घेतले. पानासाठी उरले १३४९.

डिझायनरने पट्ट्याची रुंदी ‘१०० टक्के’ लिहिली असेल, तर ती १३४९ होते. बरोबर बसते. पण त्याने ‘१०० व्हीडब्ल्यू’ लिहिलं असेल, तर गोष्ट बदलते. व्हीडब्ल्यू म्हणजे खिडकीच्या रुंदीचा शंभरावा भाग. आणि नियम असा आहे की हे एकक मोजताना, स्क्रोलबार गरजेपुरता आपोआप येणारा असेल तर, तो नाहीच असं धरायचं. म्हणजे पट्टा १३६६ पिक्सेल रुंद होतो आणि जागा आहे १३४९ ची. १७ पिक्सेल उजवीकडे बाहेर जातात. लगेच खाली एक आडवा स्क्रोलबार येतो आणि तो पानाच्या उंचीतूनही तेवढीच जागा खातो.

हा आडवा स्क्रोलबार वाईट दिसतो, म्हणून अनेक जण एक झटपट उपाय करतात. आडवं सरकणंच बंद करून टाकतात. पान स्वच्छ दिसू लागतं, पण बाहेर गेलेला भाग आता कुठल्याच मार्गाने दिसत नाही. अक्षरं मोठी करून बघणाऱ्याच्या पडद्यावर तर उजव्या कडेचं अख्खं बटण या मार्गाने गायब होऊ शकतं.

आणि हे बनवणाऱ्याला कळत का नाही? कारण त्याने तपासलेलं असतं मॅकवर किंवा मोबाईलवर. तिथे स्क्रोलबारची रुंदी शून्य. १०० टक्के आणि १०० व्हीडब्ल्यू दोन्ही सारखेच दिसतात.

येऊ की जाऊ? स्क्रोलबारचा कधीच न संपणारा फेरा

याहून गमतीदार, पण ब्राउझर बनवणाऱ्यांच्या डोक्याला ताप देणारी एक परिस्थिती आहे.

३०० पिक्सेल रुंद आणि २०० पिक्सेल उंच अशी एक चौकट आहे. तिच्यात एक फोटो आहे. फोटोची रुंदी चौकटीच्या १०० टक्के आणि उंची रुंदीच्या ६८ टक्के. चौकटीला सांगितलंय की मजकूर मावला नाही तरच स्क्रोलबार दाखव.

सुरुवातीला फोटोची रुंदी ३००, म्हणून उंची २०४. चौकट २०० चीच आहे. फोटो मावत नाही, स्क्रोलबार आला. त्याने १७ पिक्सेल घेतले. आता फोटोची रुंदी २८३, म्हणून उंची साधारण १९२. आता तर फोटो आरामात मावतो! मग स्क्रोलबारची गरजच नाही. काढला की फोटो परत २०४ उंच. परत मावत नाही. परत स्क्रोलबार.

गणिताने गेलं तर याला उत्तरच नाही. ब्राउझर प्रामाणिकपणे हिशोब करत बसला तर पान कायमचं लुकलुकत राहील. म्हणून ब्राउझर एक व्यवहारी तडजोड करतात. मांडणीच्या त्या फेरीत एकदा आलेला स्क्रोलबार परत काढायचा नाही. थोडी जागा वाया गेली तरी चालेल, पण हिशोब कुठेतरी थांबला पाहिजे.

पण ही तडजोड नेमकी कुठे आणि कशी लावायची, यात प्रत्येक ब्राउझरचा कोड वेगळा असतो. एकाने थांबण्याची जागा थोडी वेगळी निवडली की तेच पान दोन ब्राउझरमध्ये दोन तऱ्हांनी दिसतं. दोघांपैकी कुणीच ‘चूक’ नसतं. अशा वेळी बरोबर काय हे सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं आणि ठरलेलं पाळलं जातंय का, हे तपासावं लागतं.

मग तपासतं कोण?

‘वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स’ नावाचा चाचण्यांचा एक खुला संच आहे. गूगल, ॲपल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट या एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या आणि इगालियासारख्या संस्था तो मिळून सांभाळतात. चाचण्यांचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. कुणीही नवी चाचणी लिहून देऊ शकतं, अगदी सोलापुरातला इंजिनिअरिंगचा विद्यार्थीसुद्धा.

दिसण्याच्या बाबतीतली एक चाचणी साधारण अशी चालते. दोन छोटी पानं तयार करतात. पहिल्यात तपासायची गोष्ट असते, उदाहरणार्थ, स्क्रोलबार असलेल्या चौकटीत १०० टक्के उंचीची हिरवी पेटी. दुसऱ्यात तेच चित्र, पण शंका घ्यायला जागा नाही अशा साध्या पद्धतीने काढलेलं. ब्राउझर दोन्ही पानं उघडतो, दोन्हींचे फोटो घेतले जातात आणि ते एकमेकांशी ताडून बघितले जातात. जुळले तर पास, नाहीतर नापास.

दुसऱ्या प्रकारात चित्र नसतं, थेट मोजमाप असतं. चौकटीची बाहेरची रुंदी वजा आतली वापरता येणारी रुंदी, म्हणजे स्क्रोलबारची जागा. ती मोजून घ्यायची आणि मग आतली पेटी तेवढीच भरतेय का हे बघायचं. असं मोजून घ्यावं लागतं, कारण कुठल्या यंत्रावर ही जागा १७ असेल आणि कुठल्या यंत्रावर शून्य, हे आधी सांगता येत नाही. चाचणी दोन्हीकडे खरी उतरली पाहिजे.

अक्षरांमुळे निकालात फरक पडू नये म्हणून या चाचण्यांत ‘आहेम’ नावाचा एक खास फॉन्ट वापरतात. त्यातली बहुतेक अक्षरं म्हणजे नुसते भरीव चौकोन असतात. वाचायला निरुपयोगी, मोजायला उत्तम.

पूर्वीही अशा परीक्षा होत्या. २००५ मध्ये ‘ॲसिड-२’ ही चाचणी आली होती. ब्राउझर पास झाला तर स्क्रीनवर हसरा चेहरा दिसायचा, नापास झाला तर तो चेहरा वेडावाकडा व्हायचा. ॲपलचा सफारी ती पार करणारा पहिला ब्राउझर ठरला. पण ती एक गाजलेली परीक्षा होती. आताचा संच म्हणजे रोजची हजेरी आहे. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारीच्या नव्या आवृत्त्या सतत तपासल्या जातात आणि निकाल सगळ्यांना बघता येतात.

२०२२ पासून या कंपन्या ‘इंटरॉप’ नावाचा वार्षिक उपक्रमही चालवतात. ज्या गोष्टींचा वेब डिझायनरना सर्वांत जास्त त्रास होतो, त्यातल्या काही निवडायच्या आणि वर्षभरात सगळ्या ब्राउझरमध्ये त्या सारख्या करायच्या. २०२२ च्या यादीत खिडकीच्या मापाची एककं होती. २०२४ च्या यादीत स्क्रोलबारची मांडणी होती.

यातून हाती काय लागलं?

तीन गोष्टी ठळकपणे सांगता येतील.

पहिली, मोबाईलवर दबणारी शेवटची ओळ. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये वरची किंवा खालची पत्त्याची पट्टी सरकवताना लपते आणि परत येते. त्यामुळे ‘खिडकीची १०० टक्के उंची’ म्हणजे पट्टी असतानाची की नसतानाची, हा घोळ होता. ब्राउझर नसतानाची मोठी उंची धरायचे आणि खालचं बटण पट्टीमागे जायचं. यासाठी नवी एककं आली. एक लहान उंचीचं, एक मोठ्या उंचीचं आणि एक, पट्टी हलेल तसं बदलणारं. सफारीत ती मार्च २०२२ मध्ये आली, क्रोममध्ये त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये.

दुसरी, उडी मारणारं पान. ओटीपीची छोटी खिडकी उघडली की मागचं पान अचानक उजवीकडे सरकतं, हा अनुभव अनेकांचा असेल. खिडकी उघडताना मागच्या पानाचा स्क्रोलबार काढला जातो, १७ पिक्सेल मोकळे होतात आणि सगळा मजकूर हलतो. आता डिझायनर ‘स्क्रोलबार असो वा नसो, त्याची जागा राखून ठेव’ असं सांगू शकतो. ही सोय क्रोममध्ये २०२१ मध्ये आली, फायरफॉक्समध्ये २०२२ मध्ये आणि सफारीत २०२४ च्या शेवटी.

तिसरी, स्क्रोलबार बारीक करण्याची सर्वमान्य पद्धत. फायरफॉक्सने ती २०१८ मध्येच दिली होती. क्रोमच्या १२१ व्या आवृत्तीत ती जानेवारी २०२४ मध्ये आली आणि सफारीत त्याच वर्षाच्या शेवटी.

या तारखा नीट बघितल्या तर एक गोष्ट लक्षात येते. एखादी सोय पहिल्या ब्राउझरमध्ये आल्यापासून शेवटच्या ब्राउझरमध्ये पोहोचेपर्यंत तीन ते सहा वर्षं जाऊ शकतात. आणि तेही कॉम्प्युटर नवा असेल तर.

जुन्या कॉम्प्युटरचं काय?

विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ वी आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० वी आवृत्ती आली, तेव्हापासून विंडोज ७ आणि ८.१ ला नवं क्रोम मिळत नाही. म्हणजे सायबर कॅफेत, शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात अजून विंडोज ७ असेल, तर तिथलं क्रोम १०९ वर गोठलेलं आहे.

अशा कॉम्प्युटरवर स्क्रोलबारची जागा राखण्याची सोय चालते, कारण ती ९४ व्या आवृत्तीत आली होती. पण स्क्रोलबार बारीक करण्याची १२१ व्या आवृत्तीतली सोय चालत नाही. डिझायनरने बारीक स्क्रोलबार गृहीत धरून मांडणी केली असेल, तर तिथे जाड स्क्रोलबार येतो आणि उरलेला हिशोब चुकतो. विंडोज १० चाही नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आहे. त्यामुळे पुढच्या काही वर्षांत हाच प्रश्न आणखी कॉम्प्युटरसमोर उभा राहील.

यात सोलापूरसारख्या शहराची आणखी एक बाजू आहे. इथे मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू आणि हिंदी बोलणारी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात. इंग्रजीतलं ‘सबमिट’ जेवढ्या जागेत मावतं, तेवढ्यात ‘अर्ज सादर करा’ मावेलच असं नाही. शिवाय देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार येतात, त्यांना उंचीही जास्त लागते. इंग्रजी मजकूर समोर ठेवून पिक्सेलमध्ये ठरवलेली चौकट मराठीत आली की शब्द तुटतो किंवा खालचा उकार कापला जातो. तिथे टक्केवारी आणि मजकुरानुसार वाढणारी उंची या सोयी चैनीच्या नसतात, गरजेच्या असतात.

कायदा काय म्हणतो?

हा नुसता दिसण्याचा मुद्दा नाही. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात महत्त्वाचा निकाल दिला. न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तींना आणि दृष्टिहीनांना डिजिटल केवायसी करताना येणाऱ्या अडचणींबद्दलचं ते प्रकरण होतं. केवायसीची प्रक्रिया सगळ्यांना वापरता यावी यासाठी न्यायालयाने २० निर्देश दिले.

सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. ती ज्या आंतरराष्ट्रीय निकषांवर आधारलेली आहे, त्यात एक अट थेट या विषयाची आहे. पान ३२० पिक्सेल रुंदीत बसलं पाहिजे आणि वाचताना ते आडवं सरकवावं लागू नये. १२८० पिक्सेलच्या स्क्रीनवर कुणी ४०० टक्के मोठं करून वाचलं, तर ब्राउझरच्या दृष्टीने पानाला उरतात बरोबर ३२० पिक्सेल. तक्ते, नकाशे अशांना यात सूट आहे. पण अर्जाच्या रांगेतलं बटण या सवलतीत बसत नाही.

म्हणजे चष्मा लावूनही बारीक अक्षर न दिसणाऱ्या आजीबाईंनी पान मोठं केलं आणि बटण गायब झालं, तर तो ‘तांत्रिक अडचण’ म्हणून सोडून देण्याचा विषय राहत नाही.

सगळ्यांनी क्रोमच वापरलं तर?

‘हे संकेतस्थळ क्रोममध्येच उघडा’ ही सूचना अनेकांनी वाचली असेल. एकच ब्राउझर असेल तर फरकाचा प्रश्नच उरणार नाही, हा त्यामागचा विचार. तो काही अंशी प्रत्यक्षातही आला आहे. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचं इंजिन सोडलं. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये एजची क्रोमच्याच पायावरची आवृत्ती आणली आणि १५ जून २०२२ ला इंटरनेट एक्सप्लोररला निरोप दिला. आज मोठी इंजिनं तीनच उरली आहेत. क्रोम, एज, ऑपेरा यांचं ब्लिंक, फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट. भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोनवर तर क्रोमही आतून वेबकिटच वापरतं.

पण याआधी असं एकदा होऊन गेलं आहे. २००० च्या दशकात इंटरनेट एक्सप्लोरर ६ चं एकछत्री राज्य होतं. त्याच्या चुका म्हणजेच नियम, असं समजून संकेतस्थळं बांधली गेली. ५० आणि ५० टक्क्यांच्या दोन चौकटी शेजारी ठेवल्या तर पूर्णांक करताना कधी कधी बेरीज १०० च्या वर जायची आणि दुसरी चौकट खाली घसरायची. मग तिथे ४९.९ टक्के लिहायची पद्धत पडली. ब्राउझर बदलले, तरी ही जुगाडाची पानं वर्षानुवर्षं मागे राहिली.

म्हणूनच चाचण्यांचं महत्त्व वाढत चाललं आहे. युरोपीय महासंघाच्या नव्या कायद्यानंतर ॲपलने मार्च २०२४ मध्ये तिथल्या आयफोनवर दुसऱ्यांच्या इंजिनांना परवानगी दिली. त्यासाठी घातलेल्या अटींपैकी एक अट अशी की इंजिनाने वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्समधल्या ९० टक्के चाचण्या पार केल्या पाहिजेत. अमेरिकेत गूगलला क्रोम विकायला लावावं अशी मागणी सरकारी पक्षाने केली होती. न्यायाधीश अमित मेहता यांनी २ सप्टेंबर २०२५ ला ती फेटाळली.

भारतातही सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये स्वदेशी ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये झोहोच्या संघाला एक कोटी रुपयांचं पहिलं बक्षीस मिळालं. स्पर्धेचा भर भारतीय डिजिटल प्रमाणपत्रं, डिजिटल सही आणि भारतीय भाषा यांवर होता. झोहोचा उला ब्राउझर मात्र क्रोमच्याच पायावर उभा आहे. त्यामुळे चौकटी, टक्के आणि स्क्रोलबार यांचा त्याचा हिशोब क्रोमसारखाच असतो.

ब्राउझर पास, संकेतस्थळ नापास?

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. या चाचण्या ब्राउझरची परीक्षा घेतात, संकेतस्थळाची नाही. ब्राउझर सगळ्या चाचण्यांत पास झाला तरी १०० व्हीडब्ल्यू लिहिलेलं पान १७ पिक्सेल बाहेर जाणारच, कारण नियमच तसा आहे. ब्राउझर नियम पाळतोय. पान बनवणाऱ्याने तो नियम विंडोजच्या जुन्या कॉम्प्युटरवर तपासलेला नसतो.

ब्राउझरच्या चाचण्यांसाठी जगभरातल्या कंपन्या एकत्र येतात. एखाद्या जिल्ह्याच्या, महापालिकेच्या किंवा विद्यापीठाच्या पोर्टलसाठी असं कुणी येत नाही. ते काम पोर्टल बनवून घेणाऱ्या कार्यालयाचं आणि बनवणाऱ्या ठेकेदाराचं असतं. त्यामुळे ‘कुठल्या ब्राउझरवर, कुठल्या रुंदीत, किती टक्के मोठं करून तपासलं’ हे काम ताब्यात घेतानाच विचारलं गेलं, तर पुढच्या बऱ्याच रांगा टळतील. हे विचारायला खर्च लागत नाही. नंतर मुदतवाढ द्यायला मात्र लागतो.

बटण दिसलं नाही तर काय कराल?

अर्ज भरताना पानाचा काही भाग गायब वाटला, तर दुसरीकडे पळण्याआधी या गोष्टी करून बघा.

- कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि वजाचं बटण एकत्र दाबा. पान लहान होईल आणि कडेला गेलेला भाग आत येऊ शकतो. कंट्रोल आणि शून्य दाबलं की पान मूळ आकारात येतं.
- टॅबचं बटण दाबत पुढे जा. कडेला गेलेलं बटणही यामुळे निवडलं जातं आणि अनेकदा आपोआप दिसू लागतं. मात्र काय निवडलंय हे दिसल्याशिवाय एंटर दाबू नका.
- पानाच्या आत दुसरा स्क्रोलबार आहे का ते बघा. माऊस त्या आतल्या चौकटीवर नेऊन सरकवा.
- मोबाईलवर खालचं बटण दबलं असेल तर पान थोडं वर सरकवा, म्हणजे पत्त्याची पट्टी लपेल. फोन आडवा धरूनही बघा.
- ब्राउझर अपडेट करा. दुसरा ब्राउझर वापरायचा असेल तर इंजिन वेगळं असलेला घ्या. क्रोमऐवजी एज घेतल्याने मांडणीत फारसा फरक पडत नाही, फायरफॉक्स घेतल्याने पडू शकतो.
- तक्रार करताना नुसतं ‘साइट चालत नाही’ असं लिहू नका. ब्राउझरचं नाव, त्याची आवृत्ती, कॉम्प्युटर की मोबाईल आणि पान किती टक्के मोठं केलं होतं, हे स्क्रीनशॉटसह लिहा. आधार क्रमांक, बँक खातं, ओटीपी मात्र स्क्रीनशॉटमध्ये दिसू देऊ नका.

‘साइट चालत नाही’ या तक्रारीवर दुरुस्ती करणाऱ्याला काहीच करता येत नाही. ‘विंडोज ७, क्रोम १०९, १५० टक्के मोठं केल्यावर उजवीकडचं बटण दिसत नाही’ ही तक्रार वाचून त्याला चूक पाच मिनिटांत स्वतःच्या स्क्रीनवर बघता येते. आणि डोळ्यांनी दिसलेली चूक दुरुस्त होण्याची शक्यता खूपच जास्त असते.